समुद्राचं उष्टं

रविवारी सकाळी भुईगावच्या किनाऱ्यावर इतकी माणसं जमली होती, की भरतीची वेळ झाली असती तर समुद्राला 'जरा सरकून घ्या' म्हणावं लागलं असतं. वसईच्या गल्ल्यांतून, नालासोपाऱ्यातून, पार चंदनसारच्या इमारतींतून लोक आले होते. कुणाच्या हातात कळशी, कुणाच्या हातात मोठा कॅन, कुणाकडे नुसतीच सरबताची रिकामी बाटली. सुरूच्या झाडांखाली सिमेंटचा चौथरा होता. चौथऱ्यावर निळं पिंप, पिंपाखाली स्टीलची चकचकीत पेटी, पेटीच्या तोंडाशी पितळी गोमुख. बाजूला जेवणाच्या टेबलाएवढं एकच सोलर पॅनेल होतं. त्यालाही झेंडूचा हार घातला होता.

वरुणानंद महाराज पांढऱ्या कपड्यांत चौथऱ्यावर उभे होते. आवाज गोड, दाढी विंचरलेली, माइक हातात मुरलेला.

"सरकार काय करतं?" त्यांनी विचारलं आणि उत्तरासाठी कुणाला त्रास दिला नाही. "सरकार समुद्राला दाबतं. मोठमोठे पंप लावतं, दाबून दाबून त्याच्याकडून गोडं पाणी काढतं. म्हणून एवढी वीज लागते. आता मला सांगा माऊली, देवाला कुणी दाबतं का? मी दाबत नाही. मी विनवतो. विनवायला वीज किती लागणार? ही एक पाटी बास झाली. ती पण कशाला, तर व्हायब्रेशन नीट राहावं म्हणून."

लोक माना डोलावत होते. मेमध्ये ज्याच्या नळाला दोन दिवसांआड पाणी येतं, त्याची मान डोलायला फार लागत नाही.

मग भक्तांनी स्वतः गुडघाभर पाण्यात जाऊन कळश्या भरून आणल्या. फसवणूक नको म्हणून पाणी भक्तांनीच आणायचं, असा वरुणानंदांचा नियम होता. दोन कळश्या खारं पाणी निळ्या पिंपात ओतलं. शंख वाजला. पेटीत काहीतरी गुरगुरलं आणि गोमुखातून स्वच्छ पाण्याची धार सुरू झाली. एक कळशी भरली आणि धार थांबली. पहिल्या रांगेतल्या बाईनं ओंजळ तोंडाला लावली. "गोड," ती म्हणाली. "शप्पथ, गोड." तिच्या डोळ्यांत खरोखर पाणी होतं.

"दोन कळश्या द्या, एक घ्या," वरुणानंद म्हणाले. "उरलेली एक समुद्राची समुद्राला." त्यांनी वाळूत अर्धवट पुरलेल्या काळ्या पाइपकडे बोट केलं. "ते समुद्राचं उष्टं. देवानं तोंड लावलेलं पाणी. त्याला कुणी शिवायचं नाही."

त्या काळ्या पाइपवरून कुणाचा पाय गेला नाही. लोक वळसा घालून जात होते.

गर्दीच्या अगदी मागे, सुरूच्या एका खोडाला टेकून सदानंद सर उभे होते. पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झालेले, चंदनसारच्या 'सागरछाया' सोसायटीत राहणारे, पुस्तकातलं बरंच ठाऊक असलेले आणि ते ठाऊक असल्याची सतत लाज वाटणारे गृहस्थ. वर्गात ते फळ्याकडे तोंड करून शिकवत, कारण मुलांकडे पाहिलं की शब्द अडायचे. आज ते चमत्कार उघडा पाडायला आले होते, निदान बायकोला तरी तसं सांगून निघाले होते. खिशात पाण्यातले क्षार मोजायचा पेनासारखा मीटर होता.

सोसायटीचा सेक्रेटरी सिद्धेश त्यांना शोधत आला. "सर, इथे काय लपलात? चला पुढे. आपल्याकडे सायन्सवाला माणूस असताना आपण का घाबरायचं? चेक करा ना."

सरांना ओढतच चौथऱ्यावर नेलं. वरुणानंदांनी वाकून नमस्कार केला. "तपासा सर. सत्याला मीटरची भीती नाही."

सरांनी समुद्राच्या पाण्यात मीटर बुडवला. आकडे मापाबाहेर जाऊन स्क्रीन नुसतीच लुकलुकली. मग गोमुखाच्या पाण्यात बुडवला. घरच्या नळाच्या पाण्याला येतो, साधारण तेवढाच आकडा आला. सरांनी मीटर झटकला, पुसला, पुन्हा बुडवला. तेच.

"बोला सर," सिद्धेश म्हणाला, आणि माइक त्यांच्या हातात आला.

सर बोलले. गेला महिनाभर ते समुद्राचं पाणी गोडं करण्याबद्दल वाचत होते. विषय त्यांच्या डोक्यात ताजा होता आणि पोटात मावत नव्हता. पाणी एका फार बारीक पडद्यातून रेटावं लागतं, मीठ अलीकडे राहतं आणि गोडं पाणी पलीकडे जातं, हे त्यांनी सांगितलं. त्याला दाब प्रचंड लागतो. पूर्वी उरलेलं खारं पाणी तो दाब घेऊन तसंच समुद्रात जायचं, सगळी मेहनत वाया. आता त्या जाणाऱ्या पाण्याचा दाब काढून येणाऱ्या पाण्याला देतात, त्यामुळे वीज निम्म्याहून कमी लागते. "हे यंत्रही त्याच तत्त्वावर चालतं," सर म्हणाले, आणि पुढे म्हणाले, "असं मला वाटतं."

पण 'वाटतं' कुणाला ऐकू गेलं नाही, कारण 'चालतं'लाच टाळ्या पडल्या होत्या.

उभ्या जन्मात सरांच्या तासाला टाळी पडली नव्हती. त्यांनी माइक तोंडाशी तसाच धरला. ते तीन शब्द पुन्हा म्हणायला त्यांना भरपूर वेळ होता. त्यांनी ते म्हटले नाहीत.

"ऐकलंत?" वरुणानंदांनी माइक अलगद काढून घेतला. "विज्ञान काय म्हणतं? जाणारा आपला जोर येणाऱ्याला देतो. अहो, हेच तर अध्यात्म. हाच तर संसार." आणि त्या दिवसापासून हे वाक्य त्यांच्या प्रवचनात कायमचं राहायला आलं.

सरांचा व्हिडिओ सोसायटीच्या ग्रुपवर फिरला, मग शेजारच्या सोसायट्यांच्या. पंधरवड्यात 'सागरछाया'च्या टाकीत भुईगावहून टँकर येऊ लागला. टँकरवर लिहिलं होतं, 'समुद्राचा प्रसाद'. जिन्यात भेटणारी माणसं सरांना थांबवून हात मिळवू लागली.

"आज खालच्या मजल्यावरच्या पोरीनं माझ्याकडे सही मागितली," सर एकदा जेवताना म्हणाले.

"द्यायची होती," त्यांच्या पत्नी मीराताई म्हणाल्या. "खाली लिहायचं, 'असं मला वाटतं'."

सरांनी वर पाहिलं. मीराताई आमटी वाढत होत्या. त्यांनी तो व्हिडिओ नीट कान देऊन ऐकला होता.

जिजा आठवड्यातून दोनदा भुईगावहून यायची. सोसायटीच्या फाटकाशी बसून केळी, वालाच्या शेंगा आणि मोगऱ्याचे गजरे विकायची. वाडी तिची स्वतःची, किनाऱ्यामागच्या पहिल्याच ओळीत. नवरा गेल्यावर विहीर आणि वाडी एवढंच तिच्या हाती राहिलं होतं, आणि त्यावर तिनं घर चालवलं होतं. ती एका सकाळी सरांची वाट बघत थांबली.

"सर, तुमी त्या यंत्राचे ना?"

"मी यंत्राचा नाही, जिजाबाई. मी फक्त तत्त्व समजावून सांगितलं."

"तेच ते. यंत्र बसल्यापासून आमच्या इहिरीचं पानी मचूळ लागते. गावात सांगितलं तर बोलतात, जिजाच्या पोटात दुखते. तुमी शिकलेले, तुमी सांगा."

सर हसले. त्यांचं हसणं दुष्ट नव्हतं. भुताखेतांना घाबरणाऱ्या मुलांना समजावताना ते असंच हसत. "हे बघा, ते पाणी समुद्रातून घेतात. लोक स्वतः कळशीनं ओततात, मी डोळ्यांनी पाहिलंय. त्याचा तुमच्या विहिरीशी काय संबंध? एका गोष्टीनंतर दुसरी घडली म्हणजे पहिलीमुळेच घडली असं नसतं. कावळा बसला आणि फांदी मोडली, तसं. मेमध्ये विहिरी थोड्या मचूळ होतातच. बाकी मनाचे खेळ."

"मनाचे?"

"मनाचे."

इतक्यात मीराताई खाली आल्या. जिजानं त्यांना गजरे बांधून दिले. नेहमी ती ते केळीच्या हिरव्या पानात गुंडाळायची. आज ते पान कडेनं भाजल्यासारखं तपकिरी होतं. मीराताईंनी पानाकडे बघितलं, जिजाकडे बघितलं आणि तिच्या पाटीतली पिण्याच्या पाण्याची बाटली मागून घेतली.

चार वाजता सरांपुढे चहा आला. त्यांनी एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. दूध नासलं होतं आणि खाली काहीतरी वेगळंच लागत होतं.

"हे काय घातलंयस?"

"काही नाही. जिजाच्या विहिरीचं पाणी," मीराताई म्हणाल्या. "तुमच्या मनाच्या खेळाला जरा मीठ जास्त झालंय का बघा."

सर उठले. बाटलीत उरलेल्या पाण्यात त्यांनी मीटर बुडवला. आकडा चढत चढत जिथे थांबला, तिथे पिण्याच्या पाण्याचा आकडा कधीच थांबत नाही. सकाळी त्यांनी जिजाला जे ऐकवलं होतं, ते एकेक वाक्य त्यांच्या कानात परत येऊ लागलं. कार्यकारणभाव शिकवला होता. कावळ्याचा दृष्टांत दिला होता. बाईनं जिभेनं चाखलेली गोष्ट सांगितली आणि आपण न चाखता तिला भ्रम म्हणालो. आयुष्यभर ज्या हत्यारानं भोंदूंना मारायचं म्हणत होतो, ते पहिल्यांदा चालवलं ते या बाईवर.

त्या रात्री त्यांनी पुस्तकं पुन्हा उघडली नाहीत. उघडायची गरजही नव्हती. जे कळायला हवं होतं ते शाळेच्या पुस्तकातलं होतं. पाण्यातून मीठ निघालं, तर ते मीठ गेलं कुठे?

त्यांनी आत जाणारं पाणी मोजलं होतं, बाहेर येणारं मोजलं होतं. परत जाणारं मोजलं नव्हतं. दोन कळश्यांतली एक गोडी झाली, तर उरलेल्या एका कळशीत दोघींचं मीठ हवं. ते पाणी समुद्राच्या दुप्पट खारं हवं. एवढं साधं त्रैराशिक, आणि ते मांडायला जे पाणी हवं होतं, नेमक्या त्याच पाण्याला वरुणानंदांनी उष्टं म्हटलं होतं. सरांचा देवावर विश्वास नव्हता, उष्ट्यावर होता. कुणाच्या उष्ट्याला हात लावू नये, हे आईनं घातलेलं वळण होतं. पाइपवरून वळसा घालून जाणाऱ्यांत तेही होते.

मंगळवारी ते भुईगावला गेले. चौथऱ्यावर दोन सेवेकरी पत्ते खेळत बसले होते.

"परत जाणारं थोडं पाणी मिळेल का?"

"उष्टं? काय सर, तुम्हीपण?" एकजण म्हणाला. "गुरुजींना विचारून देऊ. पण ते देणार नाहीत."

सर ओहोटीची वाट बघत किनाऱ्यावर लांबवर फिरत राहिले. मग पाइपचं तोंड जिथे वाळूतून बाहेर येत होतं, तिथे जाऊन बसले. सेवेकऱ्यांनी टँकरसाठी पिंपात समुद्राचं पाणी ओतून पेटी सुरू केली आणि पाइप वाहू लागला. सरांनी इकडेतिकडे बघून बाटली भरली आणि दुसरी समुद्रात भरली. या वयात चोरी करण्याची ही पहिली खेप, आणि तीही खाऱ्या पाण्याची. बसमध्ये त्यांनी पिशवी मांडीवर घट्ट धरली होती.

एवढ्या खाऱ्या पाण्याला मीटर पुरत नव्हता, म्हणून मीराताईंनी दोन सारख्या कढया दिल्या, आणि एका मापानं दोन्हींत पाणी ओतून त्यांनी ते आटवलं. तळाशी पांढरं मीठ राहिलं. दुप्पट सोडाच, एका ढिगाचं मीठ दुसऱ्यापेक्षा चिमूटभरही जास्त नव्हतं. पेटीनं मिठाच्या एका कणालाही हात लावला नव्हता. समुद्राचं पाणी पिंपातून पाइपात आणि पाइपातून समुद्रात जात होतं, बस. मग गोमुखातलं पाणी कुणाचं, हे विचारायचीसुद्धा गरज नव्हती. किनाऱ्याच्या वाळूत पावसाचं गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत साठून राहतं, सगळ्या वाड्यांच्या विहिरी त्यावर जगतात, हे त्यांनी नववीच्या वर्गाला दरवर्षी फळ्यावर काढून दाखवलं होतं. वरचं गोडं उपसलं की खालून खारं वर येतं, तेही काढून दाखवलं होतं. खडू निळा आणि पांढरा.

नळ चालू होता. बाथरूममध्ये बादली भरत होती. सरांनी जाऊन नळ बंद केला. जिजाची विहीर आपल्या मोरीत वाहत होती.

खरं सांगायचं तर यानंतरही त्यांना गप्प बसावंसं वाटलं. कुणा अधिकाऱ्याला निनावी कळवावं, आपोआप बंद होईल, टाळ्या वाजवणाऱ्यांसमोर जायला नको. बुधवार तसाच गेला, गुरुवारही गेला. शुक्रवारी मीराताई भाजी घेऊन वर आल्या.

"जिजा विचारत होती, सर काही बोलले का. काय सांगू तिला?"

सर पिशवीतली भाजी काढून ठेवू लागले.

"शेपू आणली नाही तिनं आज. मोगरा पण नाही. खुरटलं म्हणाली सगळं."

"रविवारी जातो," सर म्हणाले.

रविवारी वरुणानंदांनी त्यांना पाहिलं आणि माइकवरूनच स्वागत केलं. शाल मागवली, नारळ मागवला. "आपले विज्ञानमहर्षी आले आहेत," ते म्हणाले. सरांनी शाल घेतली नाही. माइक घेतला. तो इतका जवळ आणला की आधी दातांवर आपटला, आणि तो ठक आवाज साऱ्या किनाऱ्यावर गेला. पोरं हसली.

"मला भजीवाल्याची शेगडी हवी," सर म्हणाले. "आणि परत जाणारं पाणी हवं. एक तांब्या."

गर्दी जरा मागे सरली.

"सर," वरुणानंद हळुवार म्हणाले, "उष्ट्याला अग्नी दाखवत नाहीत. पाप लागतं."

"मला लागू दे."

"पण आणणार कोण? हे सगळे संस्कारी लोक आहेत."

खरंच कुणी हललं नाही. मग मागून जिजा पुढे आली. "वाडी करपली माझी," ती म्हणाली. "अजून काय करपायचं राहिलं? मी आनते." तिनं कळशी उचलली आणि पाइपच्या तोंडाशी जाऊन भरून आणली. येता येता दुसऱ्या हातानं समुद्राचीही भरून आणली.

भजीवाल्यानं कढया दिल्या. एका मापाचं पाणी दोन्हींत ओतलं. आता पाणी आटेपर्यंत वाट बघणं आलं. चमत्काराला शंख असतो, आटणाऱ्या पाण्याला काहीच नसतं. लोक कंटाळू लागले. सिद्धेश सरांच्या कानाशी आला.

"सर, काय चाललंय हे? टाकीत पाणी येतंय ना आपल्या? बिल्डिंगमध्ये म्हातारी माणसं आहेत, लहान मुलं आहेत. खरं कळून काय करायचंय आपल्याला?"

"ते पाणी कुणाचं आहे, ते कळायचंय," सर म्हणाले.

वरुणानंदांनी मोबाईल काढून माइकजवळ धरला. सरांचाच आवाज किनाऱ्यावर घुमला. 'हे यंत्रही त्याच तत्त्वावर चालतं.' आणि टाळ्या. "आता खरे सर कोणते, मागच्या वेळचे का आजचे?" ते म्हणाले. लोक हसले. हे हसणं मघाच्या पोरांच्या हसण्यासारखं नव्हतं.

सरांचा चेहरा लाल झाला. "मागच्या वेळी मी चुकलो," ते म्हणाले. "मी पुस्तकात वाचलेलं एक खरं यंत्र या खोट्या पेटीला चिकटवलं. वरुणानंदांना ते ठाऊकसुद्धा नव्हतं. यांच्या थापेला कारण मी पुरवलं."

पाणी आटलं. सरांनी दोन्ही कढया चौथऱ्यावर ठेवल्या. "कुठली कुठली ते मी सांगत नाही. एका कढईत दुप्पट मीठ असायला हवं. दाखवा."

भजीवाला पुढे झाला, दोन बायका पुढे झाल्या. कुणी उलथन्यानं मीठ गोळा केलं, कुणी चाखलं, कुणी तळहातावर घेऊन वजनाचा अंदाज घेतला. कुणालाच दाखवता येईना.

"दोन कळश्यांतली एक गोडी झाली, तर तिचं मीठ दुसरीत जायला हवं," सर म्हणाले. "मीठ हवेत उडत नाही. इथे सगळं मीठ जसं आलं तसं समुद्रात परत गेलं. म्हणजे समुद्राचं पाणी गोडं झालेलंच नाही. आता ही एवढीशी सोलरची पाटी. मीठ वेगळं करायचं तर किती दाब लागतो माहीत आहे? विरारच्या जीवदानीच्या डोंगराहून खूप उंच टाकी बांधा, तिथून खालपर्यंत पाइप सोडा, त्याच्या तोंडाशी जेवढा जोर येईल तेवढा. हुशार इंजिनियर लोकांनी खपून, जाणाऱ्या पाण्याचा दाब परत मिळवून, पडदे सुधारून ही वीज कमी केली, अजून करतायत. पण ती शून्याला येत नाही. मीठ पाणी सोडायला तयार नसतं, त्याला सोडवायची किंमत निसर्ग घेतोच. त्याच्या खाली कुणी जाऊ शकत नाही, महाराज नाही, शास्त्रज्ञही नाही. या पाटीवर होतं ते एवढंच, की पुरुषभर खोल विहिरीतलं पाणी वर येतं."

"कुठली इहीर?" जिजानं विचारलं.

सरांनी चौथऱ्याकडे बघितलं. ज्याच्या जागेवर तो बांधला होता तो मार्सेल गर्दीतच होता. तो पुढे आला, पेटीपाशी वाकला, मग वरुणानंदांकडे वळला.

"इथं आमची जुनी बाव होती. माझ्या आजोबानं बांधलेली. तुम्ही बुजवली म्हणाला होतात ना?"

मार्सेलनं आणि दोघातिघांनी मिळून पेटी बाजूला सरकवली. खाली लोखंडी झाकण होतं. झाकण काढलं. चिऱ्यांची गोल विहीर, तळाशी संथ पाणी, त्यात बुडालेली बारकी मोटार आणि तिची वायर सोलरच्या पाटीकडे गेलेली. मार्सेलनं वायर उपटली.

वरुणानंद एकदम गुडघ्यांवर बसले आणि त्यांनी हात जोडले. "धन्य झालो. पाहा माऊली, सागराच्या उदरात गंगा प्रकटली."

आणि खोटं का सांगा, समोरच्या रांगेत चार-पाच जणांचे हात जोडले गेलेसुद्धा.

"ए गंगावाल्या," मार्सेल म्हणाला, "आजोबा तिला गांडुळाची बाव म्हनायचे. ऊठ."

आता लोक खदखदून हसले, आणि हसणाऱ्यांपुढे महाराजांना टिकता येत नाही. थोड्या वेळानं ते पांढरे कपडे सुरूच्या रांगेतून रस्त्याकडे जाताना दिसले. पुढे पोलिसांत तक्रार झाली तेव्हा कळलं, की हे गृहस्थ सातिवलीला एका गाळ्यात घरगुती फिल्टर दुरुस्त करत होते, आणि तिथे त्यांना सगळे विकी म्हणत.

गर्दी पांगली. काही जण जाताना हातातली बाटली भरलेली आहे का ते बघत होते, आणि ती रिकामी करायला कुणी तयार नव्हतं. सिद्धेश फोनवर दुसरा टँकर शोधत गेला. उद्या टाकीत काय सोडायचं, हा त्याचा प्रश्न खराच होता.

सर चौथऱ्याच्या कडेला बसले होते. जिजा येऊन उभी राहिली.

"आता बंद झालं ना?"

"झालं."

"मंग पानी गोडं कधी होईल? हा पाऊस पडल्यावर?"

"जिजाबाई, खारं पाणी एकदा वर आलं की लवकर खाली जात नाही. काही पावसाळे लागतील. किती, ते मला माहीत नाही. तुमच्या विहिरीचं कदाचित..." ते थांबले. "माहीत नाही."

"तवर मी काय लावू वाडीत?"

"विचारून सांगतो कुणाला तरी."

"कोनाला विचारता?" जिजा म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता. "तुमालाच विचारायला आले होते मी. तवा इहीर थोडी तरी गोडी होती."

सर तिच्या मागोमाग वाडीत गेले. तिनं 'या' म्हटलं नव्हतं, 'नको'ही म्हटलं नव्हतं. केळीच्या रांगेतलं एकेक पान त्यांनी हातात धरून बघितलं, विहिरीत पोहरा सोडून पाणी काढलं, आणि ते या वेळी आधी स्वतः चाखलं.

वाचकहो, फुकटात काही मिळतंय असं कुणी दाखवलं, तर आत गेलेलं आणि बाहेर आलेलं एवढंच बघून घरी जाऊ नका. ज्याला हात लावू नका असं सांगितलं जातं, ते मागून घ्या आणि तपासा. दाखवणारा भगवे कपडे घालून आला असो, पांढरे घालून आला असो, की विज्ञानाची भाषा बोलत आला असो. विज्ञानाची भाषा बोलणाऱ्याला तर जास्तच तपासा. आणि त्या गर्दीत एखादी बाई म्हणाली, की माझ्या विहिरीचं पाणी खारट लागतंय, तर तिला तर्कशास्त्र शिकवण्याआधी तिच्या विहिरीवर जा. विचार करायला बसायचं ते तिथून आल्यावर.